हाकेनंतरचे दोन सेकंद

७ जानेवारी १९७४, सोमवार, सायंकाळी ५ वाजून २० मिनिटे
पेटी उघडून कपडे खुंटीला लावतो आहे. मध्येच वही घेतली. पिंपरीहून एसटीने आलो, चाकणच्या अलीकडे फाट्यावर उतरलो; तिथून बंगला पंधरा मिनिटे. मला स्वतंत्र खोली आहे, खिडकीसह. डॉ. मधुसूदन लेले प्राण्यांच्या आवाजाचा अभ्यास करतात. त्यांनी स्वतःच्या जोडीतल्याच कपात मला चहा दिला. हे बाबांना सांगायचे आहे. मग वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावले. वस्तीत जयंतीला भाषण करतो, असे मी अर्जात लिहिले होते. आवाज आवडला म्हणाले.

८ जानेवारी
मागे मोठा पिंजरा आहे. त्यात हुलॉक जातीची मादी, आसामच्या जंगलातून आणलेली. वानर म्हणावे तर शेपूट नाही. नर डिसेंबरात मेला, असे डॉक्टर म्हणाले. सकाळी सातला ती चढत्या सुरात हाक घालते आणि थांबते. उत्तर नाही. खाणेही सोडले आहे. स्वयंपाकाच्या गिरजाबाई म्हणाल्या, जोडीदाराबिगर तिच्या नरड्याखाली घास उतरत न्हाई.
माझे काम घड्याळ धरून किती सेकंद थांबली ते लिहिणे. डॉक्टरांनी समजावले, जंगलात ही जोडी एकमेकांच्या हाकेवर हाक घालत नाही. एकाची संपली की दुसऱ्याची. माणसाची भाषाही इथूनच आली असावी. शब्द नंतर आले, थांबणे आधी. पुस्तकात सहायक म्हणून माझे नाव छापणार आहेत.

१५ जानेवारी
बांबूच्या तट्ट्याआड बसून नराचे उत्तर मी द्यावे, असे डॉक्टरांनी सुचवले. टेप ऐकवून शिकवले. लाज वाटली. पण माझ्या हाकेनंतर तिने दोन केळी खाल्ली. दिवसभर बरे वाटले.

१० फेब्रुवारी
आता बरोबर दोन सेकंदांनी उत्तर जाते, घड्याळ न बघता. डॉक्टर तट्ट्याच्या माझ्या बाजूला बसून मोजतात. तिच्याकडे बघत नाहीत. विचारले तर म्हणाले, तिकडून ऊन लागते.

१७ मार्च
रविवारी घरी गेलो. कोणी काही विचारले की मी आधी थांबतो. आक्का म्हणाली, भाऊ आता साहेब झाला, तोलून बोलतो. सगळे हसले, मीही. पण जेवताना सगळे एकदम बोलू लागले तेव्हा कोणानंतर बोलायचे ते कळेना, उठून बाहेर गेलो.
भाषण तीन पाने झाले. ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासले.

१४ एप्रिल
माझे नाव पुकारले. उभा राहिलो. माईकपुढे सगळे शांत. भाषण तोंडपाठ होते. मी थांबलो. कशासाठी थांबलो ते मलाच कळेना. मग मागे एका बाईने उंच सुरात पोराला हाक मारली आणि मी—
कर्ण्यातून सगळ्या वस्तीला ऐकू गेले. लोक हसले. मग हसायचे थांबले. बाबा खाली बघत होते.

१६ एप्रिल
नोकरी सोडतो, असे डॉक्टरांना सांगायला गेलो. सांगता आले नाही. कागदावर लिहून दिले. ते वाचून खूश झाले. खूश. महिनाअखेर थांब म्हणाले.

१८ एप्रिल
डॉक्टर पुण्याला. रेघांचे कागद काढायला कपाट उघडले. फाइल. दोन रकाने. मादी. नर २.
नर २ खाली: वय बावीस, मॅट्रिक नापास, आवाज उत्तम. शेवटची ओळ: माणसांशी बोलणे बंद, दिवस ९९.
आणि समासात नर १: मागची खोली, प्रकृती ठीक.
ओळ गिरजाबाईंना दाखवली, बोट ठेवून. वाचता येत नाही त्यांना. पण मागच्या खोलीकडे बोट केले तशा खाली बसल्या.
"मीच रोज केळी नेती तिकडं. सायेब म्हनले, पोराला सांगू नगा, काम बिघडंल. मला तरी कुठं ठावं व्हतं, असं हुईल."
किल्ली त्यांनीच दिली. भिंतींना आतून गाद्या ठोकलेल्या. आत तो नर, काळा, पांढऱ्या भुवयांचा. माझा हात धरून चालत आला. पिंजऱ्यात सोडला. ती वरच्या फांदीवर. तो खाली.

१९ एप्रिल, सकाळी ७
तिने हाक घातली. त्याने उत्तर दिले, दोन सेकंदांनी. मी खोलीत होतो, तोंडावर उशी दाबून.
ती त्याच्याकडे वळली नाही. तट्ट्याकडे बघते. तट्ट्याआड कोणी नाही. आता माझ्या खिडकीकडे—
त्याने पुन्हा हाक घातली. ती गप्प. मग तोही खिडकीकडे बघू लागला.

७ वाजून १० मिनिटे
डॉक्टरांची जीप आली. एक वाक्य तरी तोंडाने म्हणायचे आहे. आधी लिहून घेतो, मग वाचेन. तुम्ही मला फसवले. एवढेच. तुम्ही मला—
तिची हाक. चढते आहे. हाताने जबडा धरला आहे. तुम्ही म—
थांबली.
एक.
दो