ओल्या हाताची किल्ली

ता. ४ मार्च

चि. खटपटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ऑफिसात तुम्ही बनवलेलं ते गुप्त निरोपांचं जाळं फोनवर उतरवलं. त्याने आधी चोवीस शब्द दिले आणि कागदावर लिहून जपून ठेवायला सांगितले. मग छप्पन्न अक्षरांचा पत्ता दिला. मग म्हणे जोडणी चालू आहे, थांबा. मी थांबले. भांडी घासून झाली तरी ते थांबाच म्हणत होतं. लहानपणी माझा रेडिओ उघडून परत बसवलास तेव्हा तीन स्क्रू उरले होते. ते यात वापरलेस की काय?

चेष्टा पुरे. आमच्या लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री करणाऱ्या तापत्या रोलरपुढचा लोखंडी आडोसा निखळून दोन महिने झाले. मागच्या आठवड्यात माझ्या जोडीला उभी असते ती, आम्ही तिला बुलबुल म्हणतो, तिचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. मुकादम म्हणतो, तिचंच लक्ष नव्हतं. सरकारी तपासनीसाकडे तक्रार करायची तर फोटो आणि सगळ्यांचं म्हणणं एकत्र यायला हवं. पण फोनवरच्या आमच्या गटात मुकादम बसलेला, आणि वेगळा गट काढला तर तो कुणाचाही फोन मागून घेऊन वाचतो. म्हणून तुला साकडं घातलं.

तोवर पत्रच बरं. पाकिटाला चोवीस शब्द लागत नाहीत, थुंकी पुरते.

लोभ असावा, आणि अक्षरं जरा मोठी असावीत.
तुझी आत्या

ता. ११ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

थुंकीपाशी ऑफिसात मोठ्याने हसले, सगळे बघायला लागले. पण आमचीही बाजू ऐक. तुझा निरोप तीन अनोळखी यंत्रांतून फिरून जातो. कुणी पाठवला आणि कुणाला, हे दोन्ही त्यातल्या एकालाही कळत नाही. म्हणून उशीर. वाचला की तो पुसलाही जातो. आणि ते शब्द म्हणजे तुझी किल्ली, आमच्याकडे तिची नक्कलही नसते. कुलूप हवं आणि किल्ली नको, असं कसं चालेल?

ज्या बाईने मला विणकाम चार वेळा उसवायला लावलं, तिने एवढ्यात हात टेकू नयेत. जरा चिकाटी धर. बुलबुलच्या हाताचं कळव.

जोडणी तुटली तरी लोभ तुटू देऊ नये.
तुझी खटपट

ता. १९ मार्च

चि. खटपटीस,
आशीर्वाद.

चिकाटी धरली. चहाच्या सुट्टीत सहा जणींना घेऊन बसले. सुट्टी अकरा मिनिटांची. वाफेने बोटं सुरकुतलेली, फोन आमचा हातच ओळखेना. एकीने शब्द चिठ्ठीवर लिहिले, ती चिठ्ठी चादरीत घडी होऊन हॉस्पिटलात गेली. कुणी पेशंट आता ती वाचत पडला असेल.

दुसरी, आमची घडीवाली, वैतागली. तिने सगळं जुन्याच गटात लिहिलं. मुकादमाने वाचलं. परवापासून ती रक्ताने माखलेले कपडे निवडते. माझ्याशी बोलत नाही, आणि मीही तिला दोष देत नाही. तिला त्यात ओढली ती मीच.

बुलबुलची दोन बोटं मिटत नाहीत. चिकाटी आमच्याकडे पुष्कळ आहे गं, मिनिटं तेवढी अकराच आहेत.

रागावले नाही, तरी लोभ ठेव.
आत्या

ता. ९ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र बैठकीत वाचून दाखवलं. मग पाच सहकाऱ्यांना ओले रबरी हातमोजे घालायला लावले आणि अकरा मिनिटांत जोडणी करायला सांगितली. एकालाच जमलं, आणि ते ॲप त्यानेच लिहिलेलं. बाकीचे माझ्यावर चिडले. मी म्हटलं, मला अजून कमी वाटतंय.

आता शब्द नाहीत. दोघींनी फोन समोरासमोर धरायचे, एकीच्या पडद्यावरची खूण दुसरीने टिपायची, झालं. जोडणीही आधीच तयार असते. फोन हरवला तर आतलं सगळं जाईल, हे मात्र खरं. त्यावरून तीन दिवस वाद झाला. कुलूप कच्चं होईल म्हणाले. मी विचारलं, जे कुणाला लावताच येत नाही ते पक्कं कशावरून? आत्या, सोपं म्हणजे कमअस्सल असं मलाही वाटायचं. घडीवालीची मी अपराधी आहे, तिला तसं सांग.

आवडलं नाही तर खुशाल नावं ठेव, पण लोभ असू दे.
खटपट

ता. २८ एप्रिल

चि. खटपटीस,
अनेक आशीर्वाद.

एका सुट्टीत एकोणीस जणी जोडल्या, आणि वर चहाही गार झाला नाही. घडीवालीला तुझा निरोप दिला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त फोटो तिचेच होते. बुलबुलच्या घरी जाऊन तिचाही फोन जोडला, तिने तिथूनच डाव्या हाताने तक्रार लिहून पाठवली. तपासनीसाच्या कचेरीत जाऊन त्याचाही फोन जोडला होता, तो मंगळवारी आला आणि रोलरला सील ठोकून गेला. आता नवा आडोसा बसलाय. घडीवाली परत आमच्यात आली. बुलबुलच्या उपचाराचा खर्च कंपनीने लेखी मान्य केला. बोटं मात्र मिटत नाहीत, ती मिटतील असं डॉक्टरही म्हणत नाहीत.

कुणी कळवलं, हे मुकादम सगळ्यांना विचारत होता. काल फाटकापाशी त्याने मला गाठलं. मी उत्तराची तयारी ठेवली होती. तर तो हळूच म्हणाला, ते जे काय आहे ते माझ्याही फोनवर घालता का. त्याचा फोन म्हणे वरचे साहेब वाचतात. आडोसा मोडल्याचं त्याने दोनदा वर कळवलं होतं, आणि पुढच्या वर्षी बघू, असं साहेबांचं उत्तर त्याने जपून ठेवलंय. ते तपासनीसाला पाठवायचं होतं. बुलबुलला दोष दिला तो नोकरीच्या भीतीने, असंही म्हणाला. ते तिला जाऊन सांगा, म्हटलं मी.

मग तिथेच उभं राहून त्याला शिकवलं. त्याला पाठवायला चार मिनिटं लागली. बुलबुलला डाव्या हाताने तीन लागली होती. हे मी त्याला सांगितलं नाही, तुला सांगते.

तुझ्यावर लोभ आहेच, वाढेल तेवढा वाढव.
तुझी आत्या