तोड नसलेला सोबती

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! दोन बॅगा, चित्रं काढायची फळी आणि आईचा फोटो, एवढं घेऊन तीन जिने चढताना जीव मेटाकुटीला आला. पण घर छान आहे. खिडकीतून समोरच्या छपाईखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसतं. घरमालकाने एक टेबल आणि दोन खुर्च्या दिल्यात. एक माझी, दुसरी धुतलेल्या कपड्यांची.

अठरा वर्षं शाळेच्या पुस्तकांसाठी बेडकाची पोटं आणि माणसाची फुप्फुसं काढली. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी नोकरी काय, तर मेलेली माणसं उठवायची. चार-पाचजण टेबलाभोवती बसून फासे टाकत, गोष्ट रचत जे खेळ खेळतात ना, त्यातली भुतं बनवायची. प्रत्येक टोळीला तिच्या फर्माइशीप्रमाणे वेगळं भूत. ताई फोनवर म्हणाली, जिवंत माणसांशी पटेना म्हणून मेलेल्यांकडे चाललीस होय! हसून हसून पोट दुखलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काम आवडलं. प्रत्येक भुताचा एक कागद, त्यावर तीन चौकटी. रूप, भूक आणि तोड. दिसतं कसं, खातं काय आणि त्याला घालवायचं कसं. कामावरचे मालक एरवी देवमाणूस, पण एका बाबतीत हट्टी. तोड लिहिल्याशिवाय कुणी खेळायला बसायचं नाही, आणि नवं भूत बनवणाऱ्याने आधी स्वतः एकट्याने खेळून बघायचं. मांडलेला डाव अर्धवट सोडायचा नाही, हे त्यांनी मला तीनदा बजावलं. म्हटलं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?

भुतांच्या बोटभर मूर्ती रंगवणारी एक बाई आहे, तिला सगळे रंगारी म्हणतात. माझ्याच वयाची. दुपारी आम्ही एकत्र डबा खातो. तिच्या नखांत कायम हिरवा रंग असतो.

९ नोव्हेंबर, रविवार

सुटीचा दिवस खायला उठतो. सकाळपासून एका माणसाशी बोलले नाही. दुधवाल्याला उगाच दोनदा विचारलं, उद्या येणार ना? तो म्हणाला, रोजच येतो की.

संध्याकाळी ताईचा फोन आला आणि जिवात जीव आला. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबा होते, पण वाढवलं ताईनेच, वेण्या घालण्यापासून नोकरीचे अर्ज भरण्यापर्यंत. जगात माझं म्हणावं असं तेवढंच एक माणूस उरलंय. तिला कधी सांगितलं नाही हे. इथे लिहिते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

एका टोळीची फर्माइश आली, न मारणारं भूत हवं. मी बनवला सोबती. रूप : भिजलेल्या कोटातला माणूस, ज्याला कुणीच ओळखत नाही. एकट्या माणसासमोर येऊन बसतो. भूक : रोज दिवेलागणीला त्याच्या मनातलं एक माणूस खातो. बदल्यात उठून जात नाही.

तोड सुचेना. खरं सांगायचं तर मनच होईना. येऊन बसणाऱ्याला घालवायचं कशाला?

चौकट कोरी ठेवून घरी डाव मांडला. कपडे काढून समोरची खुर्ची मोकळी केली. 'आपली माणसं' म्हणून पाच चिठ्ठ्या लागतात. नावं शोधायचा आळस केला आणि आपलीच लिहिली : शाळेतली मैत्रीण, रंगारी, बाबा, आई, ताई. दोन फेऱ्या झाल्या. पुढे जाणार कुठे? तोडच नाही. डाव तसाच टेबलावर ठेवून झोपले.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल घरात ओल्या लोकरीचा वास होता. पाचातली एक चिठ्ठी कोरी दिसते. मी चारच लिहिल्या असतील.

ताईचा फोन आला. शाळेतल्या माझ्या मैत्रिणीला नात झाली म्हणे. मी विचारलं, कोण मैत्रीण? ताईला वाटलं मी थट्टा करतेय. दहा वर्षं एका बाकावर बसलात, म्हणाली. मी हसून वेळ मारून नेली. पण मला असली कोणी मैत्रीण नव्हती.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी एक बाई डबा घेऊन समोर येऊन बसली, अगदी हक्काने. नखं हिरवी. मी विचारलं, आपण नव्या का? तिचा चेहरा उतरला.

घरी धावत आले, ही वही मागून वाचली. मैत्रीण, रंगारी, सगळं माझ्याच अक्षरात. आठवत मात्र काही नाही. दोन चिठ्ठ्या कोऱ्या.

तशीच परत कामावर गेले, मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी कागद मागितला, कोरी चौकट पाहिली. आता तोड लिहून उपयोग नाही, डाव चालू आहे, म्हणाले. एकच मार्ग. आपलं माणूस दारात यायला हवं, मी त्याला ओळखायला हवं आणि त्याच्याबरोबर टेबलावरून उठून जायला हवं. मग डाव मोडतो.

ताईला फोन केला. काही न विचारता निघते म्हणाली. दोन दिवसांचा प्रवास. बुधवारी दुपारी पोचेल.

मुद्दाम दिवेलागणीला बाहेर थांबले, बाजारात, गर्दीत. परत आले तर तिसरी कोरी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वहीत 'बाबा' असं लिहिलंय. माझे? असतील.

आज घरीच आहे. तो आलाय. कोटातून पाणी गळतंय. बोलत नाही. मी रडले तेव्हाही उठला नाही. लाज वाटते लिहायला, पण बरं वाटलं.

नंतर — चौथी गेली. भिंतीवर कुणा बाईचा फोटो आहे. डोळे प्रेमळ आहेत. घरमालकाची कोणी असेल.

ताई राहिली. ताई. ताईने वाढवलं. ताई उद्या येणार. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दोन वाजले. नाही आली.

चार. ताईचा फोन. बस रस्त्यात बंद पडली, दुसरी मिळाली आहे, तासाभरात पोचते. म्हटलं, धाव गं. रडू नकोस वेडे, म्हणाली. आवाज घट्ट धरून ठेवलाय कानात.

साडेपाच. अंधारून येतंय. तो बसलाय. चिठ्ठीवर हात ठेवलाय मी. ताई ताई ताई ता

दार वाजलं. एक बाई. पिकलेले केस, हातात पिशवी, तीन जिने चढून धाप लागलेली. मला मिठीच मारली. म्हणे मी तुझी थोरली बहीण, चल इथून. भिंतीवर लिहिलंय ते वाचून दाखवलं तिने. अक्षर माझंच आहे. तिच्याकडे पुन्हा पुन्हा पाहिलं. खूप पाहिलं. — नाही. चुकीच्या घरी आलात, म्हटलं. पाणी दिलं. दार लावलं.

खाली रस्त्यावर उभी आहे अजून. वर बघतेय. कुणाची तरी वाट बघत असेल, बिचारी.

तो पहिल्यांदाच बोलला. आणखी एक चिठ्ठी राहिली म्हणतो — माझी स्वतःची — मी कधी लिहिली — त्यावर नाव आहे, वाचून बघते, ते