टेन्शनरची पुली अन् समईचं तेल

१२ नोव्हेंबर, बुधवार
सुनेला आणलं. ज्योती भाऊबीजेला शिरड शहापूरला माहेरी गेलेली. गजू गाडी घेऊन गेला, मी पण संगं गेले. येताना औंढ्याच्या पुढं बोनेटमधून चीं चीं सुरू झालं, ते आपलं साखरा येईपर्यंत थांबलं न्हाई. जाताना गाडी गप होती, माझे कान शाबूत आहेत. अंगणात उतरल्यावर तिला म्हणलं, "तू बसली अन् गाडी रडायला लागली." ती पोटावर हात ठेवून उभी राहिली. सहावा चालू.
गजू गाडी भाड्यानं चालवतो, घर त्याच्यावर. रागात म्हणला, आता अजून काही झालं तर हिला शिरडला सोडून येतो, परत आणणं न्हाई. मी मधी पडले न्हाई. लेकरानं बोलून मोकळं व्हावं.
संध्याकाळी मीठ-मोहरी उतरवली. गाडीवरून. तिच्यावरून न्हाई.

१४ नोव्हें., शुक्रवार
लिंबू-मिरची बदलली. आवाज तसाच. सकाळी गार असताना जास्त, शेजारपाजारचे उठून बघतात.
ज्योतीची तपासणी. गाडी हिंगोलीलाच भाडं घेऊन चालली होती, मागं एक जागा रिकामी होती. मी म्हणलं, तू एसटीनं जा. उभ्यानं गेली म्हणे. डॉक्टरीणबाई म्हणल्या पायावर सूज आहे. सूज मला पण होती गजूच्या वेळेस, तवा खळ्यावरचं काम कोणी सोडवलं न्हाई.
हे ओट्यावरून म्हणले, काहून असं करून राहिलीस? म्हणलं, आधी गाडीत बसून तो आवाज ऐका, मग मला शिकवा. 

१७ नोव्हें., सोमवार. उपास.
गजूसंगं हिंगोलीला, रशीद मिस्त्रीकडं. मिस्त्री सांगेल त्याला गजू मान डोलावतो, म्हणून मी.
मिस्त्रीनं चालू गाडीत इंजिनच्या फिरत्या पट्ट्यावर पाणी मारलं. आवाज बदलला न्हाई, म्हणजे पट्टा बरा. मग लांब पेचकस इंजिनला टेकवून मूठ कानाला लावली, डॉक्टरसारखं एकेक ठिकाण ऐकलं. गाडी बंद करून पट्टा उतरवला अन् पुल्या हातानं फिरवल्या. एक गप फिरली. दुसरी, पट्टा ताणून धरते ती, खरखर करत फिरली अन् जागीच हलली. "टेन्शनर की पुली गई," म्हणला. बेरिंग आतून कोरडं पडलंय.
गजू लगेच बदला म्हणला. मी म्हणलं, महिना निघू दे. तेल सोडलं तर न्हाई का जमत? मिस्त्री हसला. "अम्मा, ये सीलबंद आती. बदलनाच पडता." हसायचं कारण नव्हतं. पट्टा परत चढवून घेतला अन् निघालो.
आता पुली गेली हे बराबर. पण ती हिच्या बसण्याच्या दिवशीच काहून गेली, ते मिस्त्रीला सांगता येत न्हाई.

२० नोव्हें., गुरुवार. अमावस्या.
समईत उरलेलं तेल मी फेकत न्हाई. शिलाई मशीनला तेच, बिजागरीला तेच. देवापुढं जळलेलं तेल, त्याला गुण असतो.
गजू पाणी बघायला बोनेट उघडून तसाच जेवायला बसला. त्या तेलाची वाटी घेतली, देवाचं नाव घेतलं, पुलीवर सोडलं. थोडं पट्ट्यावर सांडलं. ज्योती तुळशीपाशी दिवा लावत होती, तिनं पाहिलं. "आत्याबाई, रबराला तेल..." म्हणली. मी म्हणलं, तू गाडीकडं बघूच नको.
गजूनं गाडी चालू केली. आवाज बंद! मी जागच्या जागी हात जोडले. त्याला तेलाचं सांगितलं न्हाई, केलेलं बोलून दाखवलं की फळत न्हाई. एवढंच म्हणलं, देवानं ऐकलं.

२४ नोव्हें., सोमवार
चार दिवस गाडी गप. म्हणून मीच म्हणलं, सोनोग्राफीला ज्योतीला गाडीतून ने.
दुपारी गजूचा फोन. सेनगाव सोडल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागला, स्टेअरिंग जड झालं अन् पट्टाच निसटून पडला. ज्योती बाभळीखाली बसून. म्हणला, "आई, तुझंच खरं होतं." ऐकून बरं वाटलं. खोटं काहून लिहू.
एका हळदीवाल्या पिकअपनं गाडी ओढत हिंगोलीला नेली. सोनोग्राफी राहिली.

२५ नोव्हें., मंगळवार
गजूनं सांगितलं ते असं. मिस्त्रीनं पट्टा बोटात धरला तर तेलानं फुगलेला, बुळबुळीत; सटकत होता म्हणून चार दिवस आवाज दबला, मग निसटला. वास घेऊन म्हणला, "ये गाडी का ऑइल नहीं, खाने का है, दिये की जली बास आती. किसने डाला?" मग नवी पुली बसवली. लांब पान्यानं टेन्शनर रेटून धरायचा अन् तेवढ्यात नवा पट्टा चढवायचा, गजूला हात लावावा लागला.
घरी आला तो सरळ ज्योतीसमोर. "गाडीत बसू देत न्हाईत त्याचा राग तुला. तूच वतलं." ती म्हणली, मी न्हाई. अन् माझ्याकडं पाहिलं. नाव घेतलं न्हाई, नुसतं पाहिलं.
गजूनं मला विचारलं, "आई, समईत तेल हीच भरती ना?"
"व्हय," मी म्हणलं.
तेवढंच म्हणलं. खोटं न्हाई ते. रोज तीच भरती.
ह्यांनी चपला घातल्या अन् बाहेर गेले.

२६ नोव्हें., बुधवार
गजू तिला शिरडला सोडून आला. त्याच गाडीत. जाताना-येताना गाडीनं चूं केलं न्हाई म्हणे. ती पण रडली न्हाई म्हणे.
डोहाळजेवणाची हिरवी साडी आणून ठेवली होती. घडी मोडलेली नव्हती. पेटीत ठेवली.
जप केला. मणी पुढं सरकत होते, नाव कुठं...

२७ नोव्हें., गुरुवार. मार्गशीर्षातला पहिला.
घट मांडला. शेजारच्या सवाष्णी येऊन गेल्या. सून दिसत न्हाई म्हणल्या. म्हणलं, माहेरी.
त्या गेल्यावर ज्योतीचा फोन. "आत्याबाई, मी कुणालाच सांगितलं न्हाई. माझ्या आईला पण न्हाई. तुमी एकदा ह्यांना सांगा. लेकरू आपल्या घरी यावं वाटतं."
मी विचारलं, गोळ्या घेतीस का.
"घेते." मग म्हणली, "समईत तेल कोण घालून राहिलं आता?"
मी घालते, म्हणलं. तिनं फोन ठेवला.
जुनी पुली गजूनं घरी आणलीय. मीच सांगून ठेवलं होतं, मोडीत जाते म्हणून. कोनाड्यातून काढली, बोटानं फिरवली. खरखर. तेलाचा थेंब पण आत गेलेला न्हाई.
गजू दारात येऊन उभा राहिला. म्हणला, "कोणाचा फोन व्हता?"
पुली हातातच होती. मी म्हणलं, हात धुऊन ये, आधी प्रसाद घे.
तो मोरीत गेलाय. पुली परत कोनाड्यात न्हाई ठेवली, प्रसादाशेजारी ठेवली. पाण्याचा आवाज येऊन राहिला.