एवढी फेरी संपली की आलोच

४ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

एका घोर अन्यायाची दाद मागायला लिहितो आहे. बाबा पहिल्यांदा निवडून आले त्याला यंदा चाळीस वर्षं होतात, म्हणून सत्कार समितीने आपल्या घरावर त्यांचा भलाथोरला फलक चढवलाय. त्यांचा डावा गाल नेमका माझ्या खिडकीवर आलाय. भर दुपारी दिवा लावून लिहितोय.

मानपत्रही माझ्याच गळ्यात पडलंय. जन्मभर वर्तमानपत्रात पुढाऱ्यांची टर उडवली, आता ‘लोकसेवेचा अखंड दीप’ असं लिहितोय, आणि उजेड बघ किती!

बाबा मात्र दिवसातून चारदा एकच विचारतात, ताई येणार ना म्हणून. अठराला सत्कार आहे. ये ना गं.

लोभ धरावा. राग आहेच, तो वाढवू नये.

तुझा धाकटा

९ नोव्हेंबर

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

अठरा तारीख आईची, हे समितीला ठाऊक नसेल, तुला आहे. तू पाळण्यात होतास, मी बारा वर्षांची. आईचं बघवेना तसे शेजारचे काका मतमोजणीच्या जागी धावले. बाबा म्हणाले, शेवटची फेरी उरलीय, एवढी संपली की आलोच. आले ते गळ्यात हार घालून. आई गेलेली होती. तेव्हापासून दरवर्षी त्याच तारखेला हार.

ती शेवटी काय बोलली, हे त्यांनी मला आजवर एकदाही विचारलं नाही. मी येणार नाही.

स्वेटर पाठवलाय. मंडपात खोकत बसू नकोस, लोकांना वाटेल टीका करतोयस.

माया आहेच.

ताई

२० नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सत्कार झाला. बाबांनी हार हातानेच थोपवला. माईकवर म्हणाले, आज माझ्या बायकोचा दिवस आहे, मी तिच्याजवळ नव्हतो. पुढे शब्द फुटेना. अध्यक्षांना वाटलं भाषण संपलं; त्यांनी बँडला खूण केली. सगळा मंडप उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि बाबांचे ओठ हलतच होते.

घरी आल्यावर बूटही न काढता मला म्हणाले, ती काय बोलली ते ताई सांगेल का. मी खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. दोन दिवस धड जेवले नाहीत. पोस्टमनची चाहूल लागली की दारात येऊन उभे राहतात.

काहीतरी लिही, ताई.

धाकटा

२४ नोव्हेंबर

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

आईने त्यांना बोलावलं नव्हतं. काका आपणहून गेले. तिने मला एवढंच विचारलं, कोण पुढे आहे. मला काय कळतंय? मी म्हटलं, बाबा. तिचा चेहरा असा काही उजळला! म्हणाली, मग पिंप भरून ठेव गं, माणसं येतील, तहानलेली असतील.

मी नळावर गेले. भरून आले तर ती नव्हती.

माणसं आली. पाणी प्यायली. आत येण्याआधी बाबाही उंबऱ्यात उभ्याउभ्या एक पेला प्यायले.

हे त्यांना जवळ बसून, हळू सांग. इतकी वर्षं माझ्यापाशी राहिलं, पण आहे ते त्यांचंच.

ताई