पिवळ्या घराचा खराटा

हौकिसालो, ४ जून १९७८

चि. ताइस्तो यास,
अ. उ. आ.

तुझं पुस्तक पोचलं. प्रवाशांना फिनलंडची आणि एकेका प्रांताची ओळख, वर गुळगुळीत कागद. समुद्रकिनारा झकास जमलाय, उत्तरेकडची हरणंही. मग मी आपल्या सावोचं प्रकरण उघडलं.

सावोत घरात कुणी नसलं की दाराला खराटा टेकवतात आणि खराटा दिसला की कुणी आत जात नाही, इथवर ठीक लिहिलंस. पण पुढे लिहितोस की हौकिसालोच्या तळ्याकाठी, पिवळ्या घरात, तुझी आई अजून खराटा लावते आणि तुझ्या लहानपणी तो रोज दाराशी दिसायचा. अरे शहाण्या, रोज का दिसायचा? बाबा आत पिऊन पडलेले असायचे म्हणून. आई घरात असायची आणि तरी खराटा लावायची, कुणी आत येऊन बघू नये म्हणून. गावाला सगळं ठाऊक होतं. गावानं कधी अवाक्षर काढलं नाही.

दुकानात गल्ल्यावरच्या आल्मानं ते पान कौतुकानं मोठ्यानं वाचलं. रोज खराटा, हे आलं आणि कुणीतरी फिस्सकन हसलं. आई रांगेतच होती. हातातली यीस्टची पुडी फळीवर ठेवून ती घरी आली. तेव्हापासून प्रार्थनेला नाही, कुणाकडे कॉफीला नाही. वर तुझे वाचक गाड्या घेऊन येतात, खराट्याचा फोटो मागतात. परवा एक बाई सरळ स्वयंपाकघरात शिरली.

आई तुला काही लिहू नको म्हणाली. म्हणून लिहिते आहे.

लोभ आहे, पण सध्या जरा कमी.
तुझी ताई,
इर्या

हेलसिंकी, ९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. लाज वाटते, दुसरं काही सांगता येत नाही.

खरं सांगू? बाबांना पुरलं त्यानंतर नऊ वर्षांत मी तिकडे फिरकलो नाही. सावोचं प्रकरण इथेच टेबलाशी बसून लिहिलं. कचेरीत सगळे आपापल्या गावच्या गोड आठवणी सांगायचे. मीही पिवळं घर, तळं, दाराशी खराटा असं सांगत गेलो. कशासाठी होता तो, हे कधी सांगितलं नाही. सांगून सांगून मलाच ते खरं वाटायला लागलं. मला आपल्या घराची लाज वाटायची, ती झाकायला गेलो आणि आईलाच चव्हाट्यावर आणलं.

पुढच्या आवृत्तीत ते पान नसेल. रविवारी, अठराला, दुपारच्या बसनं येतो. तिच्या पाया पडायलाही तयार आहे. तिला सांगून ठेव, आणि आपल्याकडच्यासारखं आडून आडून नको, सरळ सांग.

रागावलीस तरी लिहीत जा.
तुझा ताइस्तो

कुओपियो, बसस्थानक, १८ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

आलो होतो. चिमणीतून धूर निघत होता, खिडकीचा पडदाही हलला. आणि दाराला खराटा टेकवलेला होता.

समजलो. फाटकाशी दहा मिनिटं उभा राहिलो. खराटा दिसला की कुणी आत जात नाही, हे मीच छापलंय ना. कॉफीचं पाकीट टपालपेटीवर ठेवलंय, तेवढं तिला दे. तिचा राग रास्त आहे. माझ्यासाठी दार बंद ठेवायचा तिला पूर्ण हक्क आहे.

तुझा,
ता.

हौकिसालो, २० जून

चि. ताइस्तो यास,
आशीर्वाद आहेत, पण आधी कान पिळायचा आहे.

गाढवा, सकाळपासून तुझ्या पुस्तकवाल्यांच्या दोन गाड्या येऊन गेल्या. आई म्हणाली, आज माझा मुलगा येतोय, आज कुणी नको. म्हणून तिनं खराटा लावला. पहाटे उठून कालाकुक्को भाजला होता, तुला आवडतो तसा, पावाच्या पोटात मासे भरपूर घालून. पडदा हलला तेव्हा ती एप्रन काढून चांगला ब्लाउज घालत होती. बटणं लावून बाहेर येते तो तुझी पाठ वळणावर. तिनं हाक मारली. तू ऐकली नाहीस, बस आली.

मग ती खराटा हातात घेऊन पायरीवर बसून राहिली. आयुष्यभर हा लाजेपायी लावला, म्हणाली, एकदा आनंदानं लावला तर हे असं झालं.

खाली तिला लिहायचंय. चष्म्यातूनही तिला नीट दिसत नाही, अक्षर सांभाळून घे.
इर्या

ताइस्तो,
खराटा परक्यांसाठी असतो. घरचा माणूस तो बाजूला करतो आणि आत येतो. पुस्तकात हे राहिलं तुझं.
कालाकुक्को शिळा झालाय. कापलेला नाही.
आई