सोनूबाईंचं पाणी

घाटकोपर,
१२ एप्रिल १९८४

ती. दादास,
वनमालेचा नमस्कार. फणसपोळी गेल्या आठवड्यातच पोचली. कुंदाने अर्धी एकटीनेच फस्त केली. तिला मामाचं सगळंच गोड लागतं. आमच्याकडे सगळे बरे आहेत.

कुंदाच्या लग्नाची पत्रिका अजून छापायला दिलेली नाही. तू लिहिलंस, की वर आजोबांचं नाव 'रावसाहेब' लावूनच घाल आणि तू इंग्रज सरकारने त्यांना दिलेला चांदीचा बिल्ला कोटाला लावून येणार. दादा, तो बिल्ला घरीच राहू दे.

रविवारी मुलाकडची मंडळी आली होती. मुलाची आजी, सोनूबाई, यांचं माहेर आपल्याच गावचं निघालं. मला केवढा आनंद झाला! मी कौतुकाने म्हटलं, "आम्ही खोतांच्या घरातले." त्यांनी हातातला पाण्याचा पेला न पिताच खाली ठेवला.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांना पैसा कमी पडला तेव्हा आजोबांनी फंड गोळा करून दिला, म्हणून ते रावसाहेब झाले, एवढंच आपण ऐकलं. कुळांनी दागिने आणून देईपर्यंत त्यांनी साऱ्या वाडीला पाणी पुरवणाऱ्या आपल्या विहिरीला काट्यांचं कुंपण घातलं होतं, हे कोण सांगणार? ते सोनूबाईंनी सांगितलं. त्या तेव्हा लहान होत्या. त्यांच्या आईने पाटल्या उतरवल्या तेव्हा घरात पाणी आलं. साहेबाची लढाई साता समुद्रापलीकडे आणि तहान आपल्या वाडीला. वर चावडीवर दवंडी, की रयतेने राजीखुशीने दिलं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलं रे आजोबांनी! मला लाज वाटते.

मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "पोरीचो काय दोष? पण माझ्या आवशीन पाटल्यो राजीखुशीन नाय दिल्यो, ह्या खोतांच्या कर्त्यान चार माणसांत सांगूक व्हया. तू दुसऱ्या घरची झालंस." मुलाचे वडील म्हणतात, आई इथलं पाणी घेत नाही तोवर तारीख धरायची नाही. कुंदा दोन दिवस धड जेवलेली नाही.

आता घराचा कर्ता तू. तुझ्यासाठी आजोबा देवासारखे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच चार वेळा कागद फाडून हे लिहिते आहे. ये, आणि सगळ्यांसमोर तेवढं एक वाक्य बोल. ते जमणार नसेल तर येऊ नकोस. बोहल्यावर कुंदाच्या पाठीशी मामा हवा आहे, रावसाहेब नकोत.

तुझ्या तोंडाकडे डोळे लावून बसलेली,
वनू