नाव घातलेलं ताट

घोडेगाव, ४ मे २०२५

चि. सौ. वृषालीस,
अ. उ. आ.

आम्ही सुखरूप पोचलो. फोनवर एवढंच सांगितलं, कारण फोनवर मला नीट बोलता येत नाही आणि घरात सगळे ऐकत असतात. म्हणून लिहिते आहे.

आई गेल्यापासून माहेरी, खोडदला, माझ्या धावत्या भेटीच झाल्या. मुक्कामाला या वेळी पहिल्यांदा आले. संध्याकाळी तू नारायणगावहून कामावरून आलीस, हातपाय धुतलेस आणि तात्यांनी तव्यावरची गरम भाकरी तुझ्या ताटात टाकली. मग आपलं ताट घेऊन तुझ्या शेजारी बसले. पिठल्यात मीठ कमी आहे, असं तू सासऱ्याला म्हणालीस आणि ते हसले. मी डोकं दुखतंय म्हणून उठले, ते तुला खरं वाटलं असेल.

आई तापाने फणफणलेली असली तरी उठून भाकऱ्या थापायची. तात्या जेवून उठले की त्यांच्याच ताटात बसायची. त्यांनी तिला कधी पाण्याचा तांब्या भरून दिला नाही. ते असे हसतात, हे मला माहीत नव्हतं. तुला हे तात्या मिळाले, आईला आणि मला दुसरेच मिळाले होते. तू काय केलंस ते सांग. सरळ विचारते.

भरतला आशीर्वाद. राग आला तरी माया कमी करू नकोस.

तुझी नणंद,
रत्ना


खोडद, १२ मे २०२५

ती. सौ. रत्नाताईंस,
सा. न. वि. वि.

पोस्टमनने पत्र देताना विचारलं, कोर्टाचं आहे का. वाचल्यावर वाटलं, आहेच.

ताई, मी फक्त एका गोष्टीला नाही म्हटलं. आई गेल्यावरही तात्या सवयीने ताटात अर्धी भाकरी ठेवून उठायचे. मी ती म्हशीला घालायची. एक दिवस म्हणाले, आता घरातली बाई तू हायेस, भरतच्या ताटात बसत जा. मी म्हटलं, तात्या, मी वेगळंच वाढून घेणार. ते रुसून शेजारी चिमाजीकाकांकडे जेवायला जाऊ लागले. शेवटी काकूंनीच विचारलं, भाऊ, हितंच ऱ्हायचं का आता? मग परत आले. मला यायला उशीर व्हायचा, तशी स्वतःच परात ओढली. त्यांची पहिली भाकरी कुत्र्याने हुंगून सोडली.

फार बदललेत असं समजू नका. मी स्कूटी काढली की अजून वेशीपर्यंत डोक्यावर ओढणी घ्यायला लावतात.

नऊ जूनला आईंचं वर्षश्राद्ध आहे. नैवेद्य तात्या स्वतः रांधणार आहेत, आणि तो आईंच्या नाव घातलेल्या ताटात वाढणार आहेत. तुम्ही या. तुम्ही नसाल तर त्यांच्या हाताला चव राहणार नाही.

धाकटीवर लोभ आहे तसाच ठेवा.

आपली,
वृषाली


घोडेगाव, १९ मे २०२५

चि. सौ. वृषालीस,
अ. उ. आ.

मी येणार नाही.

ते पितळी ताट मामाने आईला लग्नात दिलं होतं. काठावर तिचं नाव, सौ. साळुबाई. ती दर सणाला ते चिंचेने घासायची आणि परत मांडणीवर उभं करायची. एकदाही त्यात जेवली नाही. आता ती नाही, तर त्यात वाढणार. कुणाला दाखवायला?

तू नाही म्हणालीस, हे वाचून मला तुझा जास्तच राग आला. आईला ते कधी जमलं नाही. मलाही नाही. मी अजून यांच्याच ताटात बसते. सासूबाई जाऊन वर्षं झाली, कुणाची सक्ती नाही. हेच म्हणतात, अगं वेगळं घे, कोण बघतंय. पण वेगळ्या ताटात मला घास उतरत नाही. सत्तरीचा माणूस भाकरी थापायला शिकला आणि मला बी. ए. होऊन ताट घेता येत नाही. यातलं तात्यांना काही सांगू नकोस.

मनात ठेव, पण मनात धरू नकोस.

रत्ना


खोडद, २८ मे २०२५

चि. रत्नास,
गेणूचा आशीर्वाद.

तू येणार न्हाईस आसं वृषाली म्हनली. का, ते तिनं सांगितलं न्हाई. मला म्हाईत हाय.

तुज्या आईला मी कदी तांब्या दिला न्हाई. आता दुसऱ्या कुणाला देऊन ते फिटत न्हाई. तिनं कदी मागितला न्हाई आन मला कदी सुचलं न्हाई. वृषालीला उशीर व्हतो आन मला भूक लागती, म्हनून शिकलो. मी सुदारलो का न्हाई ते मला कळत न्हाई. भाकरी येती एवडं खरं.

तू आली न्हाईस तर नैवेद्य दावून ते ताट परत मांडणीवर ठेवीन. त्यात जेवायचा हक्क ह्या घरात दुसऱ्या कुणाचा न्हाई.

जावई सयाजीरावांना रामराम. तब्येतीला जप.

तुजा बाप,
गेणू


घोडेगाव, १६ जून २०२५

चि. सौ. वृषालीस,
अ. उ. आ.

तात्यांनी निघताना दिलेलं आईचं ताट नीट आलं. एसटीत मांडीवर धरून बसले होते. कंडक्टर म्हणाला, मावशी, आहेर का? मी हो म्हटलं.

तात्यांचं पत्र आलं म्हणून मी श्राद्धाला आले. नैवेद्य झाल्यावर तात्यांनी सगळ्या पंगतीत ते ताट माझ्यापुढे ठेवलं, तांब्या भरून आणला, आणि लांब जाऊन बसले. भाकरी चांगली झाली होती. मला त्याचंच वाईट वाटलं. कच्ची राहिली असती तर मला सोपं गेलं असतं. तुला हे रोज मिळतं, ते मला अजून सहन होत नाही. खोटं कशाला लिहू?

इथे आल्यावर ताट मांडणीवरच ठेवलं होतं. काल काढलं. यांच्या शेजारी बसून वाढून घेतलं. यांनी जरा सरकून जागा केली. थोडेच घास गेले. अर्धी भाकरी उरली. मी ताट बाजूला सारणार तेवढ्यात यांनी ती माझ्या ताटातून उचलली आणि खाऊन टाकली.

तात्यांना यातलं सांगितलंस तरी चालेल. आणि म्हणावं, भाकरी कडेला जाड राहते. पुढच्या खेपेला मी तिकडे आले की दाखवीन.

तुझ्यावर राग आहे, तेवढाच लोभही आहे. दोन्ही सांभाळून घे.

रत्ना